शिंपीकाकांचा कॉल

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि बाई जुन्या ब्रशने कळफलकाच्या फटीतली धूळ काढत होत्या. सामान पुढच्या गावाला न्यायचं ते स्वच्छ करूनच, हा त्यांचा नेम. चार वर्षांतलं हे सहावं गाव. भाड्याची खोली घ्यायची, मोठ्या माणसांना मोबाईल आणि इंटरनेट शिकवायचं, किल्ली परत करायची आणि निघायचं. शिकलेली माणसं पहिला आठवडा त्यांना रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवतात. मग ज्याला त्याला आपली माणसं सापडतात आणि बाईंचा फोन गप्प होतो. यात कुणाचं चुकत नाही. शिकवलेलं असतं ते त्यासाठीच.

या वर्गातले बाकी सगळे पास होऊन गेले होते. उरले होते एकटे शिंपीकाका. तसं त्यांना सगळं यायचं. गल्लीतल्या निम्म्या लोकांची विजेची बिलं तेच फोनवरून भरून देतात, हे बाईंच्या कानावर आलं होतं. गाडं अडायचं ते शेवटच्या पायरीवर. आपल्या माणसाला व्हिडिओ कॉल लावायचा आणि चार शब्द बोलायचे, एवढंच. पण ती वेळ आली की काका चष्मा घरी विसरायचे, नाहीतर बॅटरी संपलेली असायची. एकदा तर बोटात सुई घुसल्याचं त्यांनी सांगितलं होतं. दुकान बंद करून त्यांना तेव्हा तीन वर्षं झाली होती.

वर्ग संपू नये म्हणून हे चाललंय, असं बाईंनी गृहीत धरलं होतं आणि चालवूनही घेतलं होतं. दुपारी समोर बसून कुणीतरी आपल्या बाह्यांच्या शिलाईला नावं ठेवतंय, हे त्यांनाही बरं वाटायचं. पण आज सकाळी वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या साहेबांनी फोनवर निकाल मागितला होता. वर्ग हलल्यावर इथे मदतीची एक खिडकी राहणार होती आणि तिथे रोज बसायला पास झालेलाच माणूस चालणार होता. ती जागा काकांना मिळावी, असं बाईंच्या मनात होतं. नाहीतर काका दिवसभर घरात भिंतींशी बोलत बसणार.

काका आले ते रेंज नसल्याची तक्रार घेऊनच. बाईंनी त्यांच्याच फोनवरच्या पट्ट्या त्यांना दाखवल्या.

"आणि चष्मा नाकावर आहे तुमच्या."

"चष्मा आहे हो. डोळे घरी राहिले."

बाई हसल्या नाहीत. आज शेवटचा दिवस आहे, मुलीला कॉल लावा, म्हणाल्या.

काकांनी फोन हातात घेतला. मग त्यांचं बोट कुठेही न अडखळता मुलीच्या नावावर गेलं. पडद्यावर त्यांचाच चेहरा आला. त्यांनी कॉलर सारखी केली. रिंग वाजत राहिली आणि थांबली. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"लावता येतो बाई मला," काका फोन टेबलावर ठेवत म्हणाले. "उचलत नाही ती. चारचौघांत नुसतं वाजत राहिलेलं बरं दिसत नाही."

बाईंनी ब्रश खाली ठेवला. आपलं माणूस म्हणजे कोण, हे नियमात कुठे सांगितलेलं नव्हतं. मला लावा, एवढं सांगून त्या आपला फोन घेऊन दाराबाहेर व्हरांड्यात गेल्या. फोन वाजला तसा त्यांनी उचलला. पडद्यावर एक कपाळ आणि छताचा पंखा दिसला.

"फोन खाली घ्या काका. पंख्याशी बोलतेय मी."

चेहरा खाली आला. भिंतीपलीकडून काकांचा आवाज आधी यायचा आणि फोनमधून मागाहून.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं.

"जेवले. तुम्ही?"

"झालं माझं."

चार शब्द झाले होते. तरी कॉल कुणी बंद करेना. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, मधे एक भिंत. शेवटी लाल बटण बाईंनीच दाबलं आणि साहेबांना कळवलं, काका पास.

उद्या खिडकी दहा वाजता उघडेल आणि काका आत बसतील. बाईंची बस त्याआधी, सात दहाला आहे. पुढच्या गावातला वर्ग अकराला सुरू होतो. पहिल्या दिवशी फोन चालू आणि बंद कसा करायचा, तेवढंच शिकवतात.