मोडीत न गेलेला बंब

आमच्या घरचा बंब गळायला लागला तो माझ्यामुळं, हे आधीच सांगून टाकते.

मी लातूरला मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव शिरूर अनंतपाळ तालुक्यात. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. त्यामुळं सुट्टीत घरी आले की मला वाटत राहतं, आपण शिकतोय त्याचं काहीतरी दिसायला पाहिजे. मागच्या दिवाळीला आले तेव्हा माझी नजर आईच्या बंबावर गेली.

आंघोळीचं पाणी तापवायचा हा तांब्याचा बंब आईनं स्वतः घेतलेला. भिशीत तिचा नंबर लागला तेव्हा ती एकटी उदगीरला गेली आणि बंब मांडीवर घेऊन एसटीनं परत आली. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं होतं, असं ती अजून सांगते. दर शनिवारी चिंच आणि राख लावून ती तो बाहेरून असा घासते की त्यात बघून भांग पाडावा. आतून मात्र कुणी कधी हात लावलेला नव्हता. आमच्या बोअरचं पाणी जड. आत बोटभर पांढरा खार बसलेला. खारामुळं उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही आणि जळण जास्त लागतं, हे आम्हाला वर्गात नुकतंच शिकवलं होतं. मी किराणा दुकानातून लिंबूसत आणलं, गरम पाण्यात विरघळवलं आणि बंबात ओतलं. आत फसफस सुरू झाली. दुपारपर्यंत खाराचे पापुद्रेच्या पापुद्रे निघाले.

"अगं माय, एवढं होतं व्हय आत!" आई म्हणाली. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बंबाच्या मधल्या नळ्यात तुराट्या पेटवल्या. थोड्या वेळानं खालून चुर्र आवाज आला आणि जाळ विझला. जाळीखालच्या राखेचा चिखल झाला होता.

आवाज ऐकून शेजारचे काका आले. अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, ते धाकटे भाऊ. त्यांनी वाकून बघितलं आणि मला म्हणाले, "काय गं, कालेजात भोकं पाडायला शिकवतेत व्हय?"

काकांनी निकाल देऊन टाकला. बूड गेलं, आता मोडीत घाला, गिझर बसवा, बटण दाबलं की पाणी. अण्णा कमी बोलतात. ते एवढंच म्हणाले, "बघू. उद्या लातूरला नेऊन देऊन टाकू." आईनं ओली राख घमेल्यात भरली, बंब उचलून न्हाणीच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडं करून ठेवला आणि चुलीवर पाण्याचं पातेलं चढवलं. तिनं मला दोन शब्द सुनावले असते तर सोपं गेलं असतं.

दुपारी सगळे रानात गेल्यावर मी बंब अंगणात आणला. खरं सांगायचं तर काय करायचं ते मला नीट माहीत नव्हतं. पण गळतं कुठून ते तरी बघावं, एवढं डोक्यात होतं. तीन विटांवर तो ठेवला, बाहेरून कोरडा पुसला, बुडाला चाळलेली राख चोळली आणि मग आत पाणी भरलं. पालथी पडून खालून बघत राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग राखेत एक काळा ठिपका उमटला, थोड्या वेळानं दुसरा. दोन्ही ठिपके बरोबर त्या सांध्यावर होते, जिथं मधला नळा बुडाला जोडलेला असतो. बाकी बूड कोरडं ठणठणीत. मी खडूनं दोन्ही जागा गोल करून ठेवल्या.

अण्णा आल्यावर मी त्यांना खाली वाकायला लावलं. ते गुडघ्यावर बसले आणि त्यांनी बोट लावून बघितलं.

"म्हंजे बूड गेलं न्हाई?"

"बूड चांगलं आहे. सांधा सुटलाय. मला वाटतं कथलाचा डाख देऊन सांधला तर होईल."

"नक्की?"

मी नक्की म्हणू शकले नाही. म्हणाले, "कारागिराला दाखवू. तो नाही म्हणाला तर द्या मोडीत."

आई दारात तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले होते, ते मी बघितलं. बंब राहणार की जाणार हे आता माझ्या दोन खडूच्या गोलांवर होतं आणि ते चुकीचे निघाले असते तर पुढं घरात कशावरच माझं मत कुणी विचारलं नसतं.

सकाळी मी आणि अण्णा लातूरला गेलो. गोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत तांब्यापितळेची भांडी दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा बसतात. हॉस्टेलला जाता-येता मी त्यांना बघितलेलं, बोलायची वेळ कधी आली नव्हती. त्यांनी बंबात बॅटरी मारली आणि विचारलं, "आतून कुणी धुतलं हे?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "मी," मी म्हणाले. "लिंबूसतानं. त्यानंच गळायला लागला."

चाचा हसले. "बेटी, भोक तू न्हाई पाडलं. भोक जुनंच हाय. खारानं बुजवून ठेवलेलं, तू खार काढलास, ते दिसलं. दिसलं ते बरं झालं. पुढं कधीतरी सांधा पेटत्या जाळावर एकदम सुटला असता, तर पाय भाजले असते कुणाचे."

मग त्यांनी लाकडी हातोडीनं बंब सगळीकडून ठोकून बघितला, कान लावून. खडूच्या गोलांवर अंगठा फिरवला. "हे कुणी काढलं?"

"तिनंच," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीतरी नवीन होतं.

"बराबर हाय. पण एक राहिलं तुझं." चाचांनी तोटी हलवली. तोटीच्या बुडाशीही सांधा सैल होता आणि तो मी तपासलाच नव्हता. मी मान खाली घातली. "अरे, तिसरं माझ्यासाठी ठेवलंस, न्हाई तर मी काय करू?" चाचा म्हणाले.

समोरच्याच दुकानात गिझर ओळीनं टांगलेले होते. पांढरे, गुळगुळीत. अण्णा त्यांच्याकडं बघत उभे राहिले आणि मग माझ्याकडं वळले. "आता तूच सांग. डाख का गिझर? तू म्हणशील ते करतो."

अण्णांनी असं मला कधी विचारलं नव्हतं. कपड्याचा रंगसुद्धा नाही. मी घाबरले, पण जे माहीत होतं ते एकेक करून सांगितलं. सकाळी आपल्याकडं लाईट असतेच असं नाही. आपलं पाणी हेच, त्यामुळं गिझरमध्येही असाच खार बसणार आणि आतली कॉइल जाणार. बंबाचं तांबं अजून जाड आहे, चाचांनी ठोकून बघितलंय. आणि जळण आपल्या रानातच आहे.

"मग?"

"डाख द्या," मी म्हणाले. आवाज थोडा मोठाच निघाला.

चाचांनी भाता मारून भट्टी पेटवली. सांधा खरवडून लख्ख केला, नवसागर टाकला आणि तिन्ही ठिकाणी डाख ओतला. मग बंब काठोकाठ भरून आमच्यासमोर कोरड्या पोत्यावर ठेवला आणि चहा मागवला. चहा संपला, पोतं कोरडंच.

घरी आल्यावर आईनं मात्र कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवला नाही. तिनं स्वतः पाणी भरलं, जाळ केला आणि पदर खोचून बंबाशेजारी बसून राहिली. काकाही आले आणि वाकून बघत उभे राहिले. पाण्याला वाफ धरली तरी खालची राख भुरभुरीतच.

"गळंना की," काका म्हणाले.

"मग? वाईट वाटायलंय का भावजी?" आई म्हणाली. दोन दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

आमच्याकडं नरक चतुर्दशीला पहिली आंघोळ अण्णांची. मग घरातली बाकीची पुरुषमाणसं, मग आम्ही. आमच्यापर्यंत पाणी कोमट झालेलं असायचं आणि त्यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या पहाटे आईनं उटणं कालवून अण्णांना हाक मारली, तर ते बाजेवरूनच म्हणाले, "आधी तिला बसव."

"कुणाला?"

"बंब कुणी राखला? तिला."

आईनं माझा दंड धरला. "चल माय, बस लवकर. पाणी लई कडक हाय, विसण घालून घे, न्हाईतर इंजिनेराची कातडी निघंल."

मी पाटावर बसले. आईनं माझ्या पाठीला उटणं लावलं आणि तोटी सोडली. बाहेर धाकटा भाऊ ओरडत होता, "मग माझा नंबर कधी?"

"रांगेत थांब," अण्णा म्हणाले.

मी मात्र त्या दिवशी घाई केली नाही.