अकोल्याला न मोजलेले दहा

दौलतरावांची आणि माझी पहिली भेट वांग्यांच्या टोपलीमुळे झाली. मी तेव्हा अमरावतीच्या एका शाळेत कसरतीचा मास्तर होतो आणि सकाळी तालमीत मुलांच्या कुस्त्या लावीत असे. अचलपूरकडचा, पण तेव्हा अमरावतीलगत मळा करणारा एक तरुण माळी बाजाराच्या वाटेवर तालमीच्या दारात थांबला, टोपली खाली ठेवली आणि मला म्हणाला, "मास्तर, ते सरकीचं पोतं आड्याले टांगू का?" मी म्हटले, टांग. त्याने पोते टांगले आणि पाव तास त्याला असे ठोसे मारले की शिवण उसवून सरकी हौद्यातल्या मातीत सांडली. मग अंगरखा घातला, सांडलेली सरकी वेचून पोत्यात भरली आणि उशीर झाला म्हणून वांगी घेऊन पळाला. कामठीच्या छावणीत मामांबरोबर भाजी पोचवताना एका गोऱ्या हवालदाराने त्याला ही ठोशांची विद्या शिकवली होती. तो तरुण म्हणजे आज ज्यांची साठी आपण साजरी करीत आहोत ते दौलतराव.

गौरवग्रंथ काढायचे ठरले होते, परंतु लढाईमुळे कागद मिळेना, तेव्हा ग्रंथाचा अंक झाला. माझ्या वाट्याला 'सर्वकाळच्या थोर मुष्टियोद्ध्यांत दौलतरावांचे स्थान' हा विषय आला. खरे सांगतो, मी या वादाला कंटाळलो आहे. वाचनालयात तोच, न्हाव्याच्या दुकानात तोच. आमचे अमरावतीकर म्हणतात, दौलतराव उभ्या आयुष्यात कधी पडले नाहीत, असा दुसरा दाखवा. अकोलेकर म्हणतात, लढले कोणाशी? छावणीतले चार शिपाई आणि आमचा किसन. तिसरे कोणी म्हणतात, मुंबई-कलकत्त्याला गेले नाहीत, घरातले वाघ. सत्कार समितीच्या तीन बैठका यातच गेल्या आणि तिसरीत एका सभासदांनी रागाने टोपी आपटली. शिळ्या कढीला ऊत आणण्यात आम्हा वऱ्हाडकरांचा हात कोणी धरणार नाही.

दौलतरावांचा स्वभाव मात्र वादाच्या पलीकडचा आहे. ठोसा त्यांनी दोरीच्या आतच वापरला. एकदा आठवडी बाजारात एका दारुड्याने त्यांच्या श्रीमुखात भडकावली. दौलतरावांनी टोपली दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली आणि म्हणाले, "मेथी घेतली नाई तं नको घेऊ बाप्पा, पन रस्ता सोड." मी विषमज्वराने महिनाभर अंथरुणावर होतो, तेव्हा ते रोज मळ्यातले काम उरकून माझ्या शाळेत जात, माझे कसरतीचे तास घेत आणि संध्याकाळी दुधी भोपळा घेऊन माझ्या दारात येत. नोकरी टिकली ती त्यांच्यामुळे. हेडमास्तरांना त्यांनी सांगितले होते की मास्तरांनीच मला पाठवले आहे. मला यातले काहीच ठाऊक नव्हते.

पुढे आमच्या तालमीत ते मुलांना ठोसे शिकवू लागले. शिष्यांवर ते फारसे रागावत नसत. एका गोष्टीत मात्र त्यांना दयामाया नव्हती. मुलगा पडला की पाडणाऱ्याने आपल्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे आणि दौलतरावांनी स्वतः मोठ्याने, सावकाश एक ते दहा मोजायचे; तेवढ्यात उठला नाही तो हरला. सोबत मोजणाऱ्या पोट्ट्यांनी घाई केली तर ते पुन्हा एकपासून सुरुवात करीत. मला हे पाहताना अवघडल्यासारखे व्हायचे आणि मी काहीतरी काम काढून बाहेर जात असे. का, ते आता सांगणे भाग आहे.

मागच्या महिन्यात लेखाचा खर्डा घेऊन मी त्यांच्या गावी, अचलपूरला गेलो. छोट्या रुळांच्या आगगाडीच्या त्या प्रवासाने माझे गुडघे धरले होते. दौलतराव वाफ्यांना पाणी देत होते. मी पहिलेच वाक्य वाचले, "दौलतराव आयुष्यात कधी पडले नाहीत," तोच त्यांनी फावडे बांधावर ठेवले.

"मास्तर, हे खोडा."

"काहून?"

"मी पडलो होतो. अकोल्याले. तुमीच तं पंच होते."

मी खर्ड्याची घडी घातली. त्यांना ठाऊक होते आणि मलाही ठाऊक होते, फक्त दुसऱ्याला ठाऊक नसेल असे समजून दोघेही इतकी वर्षे गप्प बसलो होतो.

झाले ते असे. तीस वर्षांपूर्वी अकोल्याला मोठी दंगल भरली आणि कुस्त्यांच्या शेवटी एक 'ठोशांची कुस्ती' ठेवली गेली. अमरावतीकडून दौलतराव आणि अकोल्याकडून पातूरचे किसनराव. किसनराव काळ्या जमिनीचे शेतकरी, पण काही दिवस पलटणीत राहून शिकून आलेले. पंच म्हणून मला नेले, कारण कुस्त्या लावण्यात माझे नाव होते. ठोशांची झाली तरी कुस्तीच, असे बोलावणाऱ्यांना वाटले आणि मलाही वाटले. नियम कोणाला विचारणे मला कमीपणाचे वाटले. माझी चूक इथेच सुरू होते.

दुसऱ्या फेरीत किसनरावांचा डावा ठोसा दौलतरावांच्या जबड्यावर बसला आणि दौलतराव तोंडघशी मातीत पडले. हालचाल नाही. किसनराव नियमाप्रमाणे आपल्या कोपऱ्यात गेले आणि हात खाली सोडून उभे राहिले. आता कुस्तीतला कायदा असा की पाठ जमिनीला लागली तर माणूस हरला. पोटावर पडलेला माणूस हरलेला नसतो, तो डाव वाचवीत असतो. सारा जमाव ओरडू लागला, "पाठ नाई लागली! पाठ नाई लागली!" मी वाकलो, दौलतरावांच्या खांद्याखाली नजर टाकली आणि हात हलवून सांगितले की नाही लागली. लोकांनी टोप्या उडवल्या.

मग मी किसनरावांवर ओरडलो, "काहून उभा राह्यला? खेळ ना!"

ते म्हणाले, "मास्तर, मोजा ना."

काय मोजायचे हे मला कळले नाही. मी त्यांना गप्प बसवले. दहा तर सोडाच, पन्नास मोजून झाले असते एवढ्या वेळाने दौलतराव उठले. तिसऱ्या फेरीत किसनरावांचे चित्त ठिकाणावर नव्हते. एक ठोसा लागला आणि ते पाठीवर पडले. पाठ लागली! मी "चीत!" म्हणून ओरडलो आणि दौलतरावांचा हात वर धरला. माझा हात वर होता तेव्हा किसनराव उठून उभेसुद्धा राहिले होते.

दौलतरावांना फेटा बांधून वाजतगाजत नेले. पोटावर पडणे हे पडणेच नव्हे, म्हणून 'दौलतराव कधी पडले नाहीत' ही कीर्ती त्या दिवसापासून वाढत गेली. किसनराव पातूरला परतले आणि त्यांनी ठोशांचे हातमोजे पुन्हा घातले नाहीत. अकोल्याच्या बाजारात पुढे कित्येक वर्षे लोक त्यांना पाहून "मास्तर, मोजा ना" म्हणून चिडवीत, असे माझ्या कानावर आले होते. पुढे शाळेत ठोशांच्या नियमांचे पुस्तक आले तेव्हा मी ते वाचले आणि कपाटात खाली सारून ठेवले. मला लाज वाटली. आजही वाटते.

"मले उठता उठताच समजलं होतं," दौलतराव म्हणाले. "पन लोकं नाचून राह्यले होते. फेटा बांधला तवा बी मी बोललो नाई. मंग रोज वाटे, उद्या सांगू. सारे मले मोठा म्हनतात, मास्तर, आन मले पातूरच्या रस्त्यानं जाता येत नाई."

मी म्हटले, "आन हे तुमच्या साठीच्या अंकात छापायचं? लोकं काय म्हनतील?"

"मंग कवा छापता? मेल्यावर कोनी खरं लिवत नाई. हे नाई छापलं तं मी सत्काराले येत नाई."

म्हणून मी हा लेख इथवर नव्याने लिहिला. पण दौलतरावांचे म्हणणे पडले की आधी तो किसनरावांना वाचून दाखवायचा. आम्ही दोघे अकोल्याहून मोटारीने पातूरला गेलो.  किसनराव अंगणात खाटेवर सुपात तुरी निवडत बसले होते. आम्हाला त्यांनी लगेच ओळखले, पण बसा म्हटले नाही. बसा म्हणाल्या त्या त्यांच्या घरच्या बाई.

मी लेख वाचला. माझा चष्मा सारखा घसरत होता. वाचून झाल्यावर बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "वरातीमागून घोडं आणलं बाप्पा तुमी."

किसनराव सुपातल्या तुरीवरून हात फिरवत होते. मग त्यांनी सूप बाजूला ठेवले.

"मास्तर, मोजा."

मला वाटले मी नीट ऐकले नाही.

"मोजा म्हनतो ना. त्या दिशी नाई मोजले, आता मोजा."

दौलतराव उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. मी मोजायला लागलो. एक. दोन. तीन. शेजारची माणसे कुडाच्या कुंपणावरून डोकावू लागली. सहाला मी चष्मा पुसायला थांबलो, आणि किसनराव म्हणाले, "मंग? पुढं?" सात. आठ. नऊ. दहा. प्रत्येक आकड्याला त्यांची मान हलत होती. दहा झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि दौलतरावांकडे पाहून विचारले, "लय जोरात बसली होती ना रे ती डावी?"

"आठ दिवस भाकर चावली नाई," दौलतराव म्हणाले.

तेव्हा कुठे किसनरावांनी त्यांना खाटेवर आपल्या शेजारी बसवले. सत्काराला याल का, असे मी निघताना विचारले. ते एवढेच म्हणाले, "पाहू जी." मी आग्रह केला नाही. आग्रह करायचा माझा अधिकार नव्हता.

समितीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर राहिले. अकोल्याचा विजय दौलतरावांच्या नावावरून काढला, की उरलेल्या बळावर ते सर्वकाळच्या थोरांत बसतात का? माझ्या मते बसत नाहीत. ज्यांना वाद घालायचा त्यांनी खुशाल घालावा, मी आता थकलो. मात्र आपल्या सत्काराच्या अंकात आपली हार छापा म्हणून अडून बसलेला दुसरा पैलवान मी पाहिलेला नाही, आणि त्यांचा स्नेही म्हणवून घेण्याची माझी लायकी किती, हा विचार मला आताशा स्वस्थ बसू देत नाही.

दौलतरावांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि तेवढेच किसनरावांनाही. दहा आकडे मोजायला आम्ही तीस वर्षे घालवली. त्या दोघांना एका खाटेवर बसून बोलायला आता जितकी मिळतील तितकी वर्षे मिळोत.