नावडतीचं अळणी

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते, असं आपलं लोकांना सांगायचं. खरं म्हणजे रोज दुपारच्या सुट्टीआधी काही वेळ मी सरकारी उंदीर असते. मुलांना खिचडी वाढण्याआधी अर्धा तास शिक्षकाने ती चाखून बघायची, असा नियम आहे. म्हणजे काही बरंवाईट व्हायचंच असेल तर ते आधी आम्हाला होऊन जावं. अर्ध्या तासानंतरही मी पायावर उभी दिसले की मुलांची ताटं मांडायची. माझा नवरा म्हणतो, डी.एड.चा याहून चांगला उपयोग सरकारला सुचला नसता.

पुण्यात राहणाऱ्या माझ्या नणंदेला वाटतं, शाळेत फुकट जेवण म्हणजे कुणीतरी दिलं आणि पोरांनी खाल्लं. एवढं सोपं असतं तर काय हवं होतं! तांदूळ सरकारकडून येतो. डाळ, तेल, तिखट-मीठ ठेकेदार आणून टाकतो, त्याला सवड झाली की. किती मुलं जेवली ते रोज मोबाईलवर वर कळवायचं, आणि आमच्या गावात मोबाईलला रेंज फक्त हातपंपाजवळ, म्हणून मुख्याध्यापक रोज दुपारी हातपंपाशी उभे असतात. नवखा माणूस त्यांना पाणी भरायला आलेलं समजतो. काय शिजवायचं ते वरून येतं आणि दर थोड्या दिवसांनी बदलतं. मध्यंतरी अंडं आलं. कोण खाणार, कोण नाही, यावर गावात दोन तट पडले, ते पुरते भांडून व्हायच्या आत अंडं गेलं. मग तांदळाची खीर आली, पण तिची साखर लोकसहभागातून मिळवा म्हणाले. लोकांनी सहभाग म्हणून सल्ले दिले. शेवटी पुन्हा खिचडीच.

पण मुलांना विचाराल तर शाळा म्हणजे खिचडी, बाकी सगळं मधल्या वेळेतलं काम. नाश्त्याची सोय सरकारने केलेली नाही आणि बहुतेक घरांनीही नाही. सकाळी चहात बुडवलेला टोस्ट खाऊन आलेलं पोरगं अकरा वाजता भागाकार करत नाही, खिडकीतून चुलीकडे बघतं. मीही मग फार ताणत नाही. भूक लागलेल्या लेकराला सात नव्वे विचारायला मला कसंतरी होतं.

आमची जुनी स्वयंपाकीण मुलाकडे राहायला गेली आणि जागा रिकामी झाली. स्वयंपाकीण नेमायचं आणि काढायचं काम पालकांच्या समितीकडे. मानधन इतकं थोडं, आणि तेही महिनोन् महिने न येणारं, की कुणी विचारायलाही फिरकलं नाही. शेवटी एक बाई आली. तिची मुलगी आमच्याच शाळेत चौथीला. नवरा दुसऱ्याची अ‍ॅटो चालवायचा. बाई कामाला चटपटीत, डाळ-तांदूळ तीनदा धुणारी, भांडी अशी घासणारी की तोंड दिसावं. मुलं तिला पहिल्याच दिवशी मावशी म्हणायला लागली. बाई बौद्धपुऱ्यातली होती. हे सांगायची गरज पडू नये, पण पुढचं सगळं त्यावरच आहे, म्हणून सांगते.

थोड्याच दिवसांत काही मुलं घरून डबा आणायला लागली. आधी दोन-तीन, मग व्हरांड्याचा अर्धा भाग भरला. डबेवाली एका बाजूला, ताटवाली एका बाजूला. समितीच्या अध्यक्षांची नात दुसरीला होती. दोन खणांचा स्टीलचा डबा मांडीवर घेऊन ती कोरडी पोळी चावायची आणि समोरच्याच्या ताटातली गरम खिचडी बघत बसायची. मी तिला विचारलं, काहून गं, खिचडी नाही आवडत? म्हणाली, आवडते, पण आबा म्हणते खारट हाये.

खारट! मी रोज चाखत होते. खिचडी खारट नव्हती. जुन्या बाईची कधीकधी करपायची, तेव्हा कुणी चकार शब्द काढला नव्हता. आता मात्र ज्याला विचारावं तो म्हणे, खारट असते. ज्यांनी कधी शाळेचं फाटक ओलांडलं नाही त्यांनाही चव कळली होती. एका आईने मला बीपीचं कारण सांगितलं. मी म्हटलं, तुमचं पोरगं सात वर्षांचं आहे. ती म्हणाली, आमच्या घराण्यातच हाये ना मॅडम. खरं कारण कुणी तोंडातून काढत नव्हतं. आमच्या गावाला कायदा चांगला कळतो. काय बोललं की पोलीस येतात हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तेवढं सोडून सगळं बोलतात. माझ्या डोक्यात तिडीक जायची. मुख्याध्यापकांना सांगितलं तर ते म्हणाले, मॅडम, आपल्याले इथं नोकरी करायची हाये, समिती ठरवीन ते ठरवीन.

आणि समितीने ठरवलंच. शनिवारी सगळे सभासद स्वतः येऊन खिचडी खाणार, आणि खारट लागली तर बाईला काढणार. कसं अगदी न्यायाचं काम! ज्यांनी खारट म्हणून हाकाटी केली तेच चाखणार आणि तेच निकाल देणार.

शुक्रवारी भांडी घासता घासता बाईनेच मला सगळं सांगितलं. पुण्याला तिचा भाऊ बांधकामावर होता, तो केव्हाचा बोलावत होता. हे काम गेलं तर जायचं असं घरी ठरलं होतं. तिकडे पोरगी शाळेत जाणार नव्हती, धाकट्याला सांभाळणार होती. बाई रडली नाही, गाऱ्हाणं केलं नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, पोट्टी पाचवीत गेली असती तर बरं झालं असतं." मी म्हटलं, उद्या हात जरा आखडता ठेव, मीठ नेहमीपेक्षा कमीच टाक. आता वाटतं, हे सांगायला नको होतं. त्याने ती आणखीच घाबरली.

शनिवारी समिती वेळेच्या आधी आली. शाळेच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं. एरवी सहीसाठी घरोघर फिरावं लागतं, आज सगळे कांजी केलेले शर्ट घालून हजर. मुख्याध्यापकांनी वर्गातून खुर्च्या काढून व्हरांड्यात मांडल्या. मी स्वयंपाकखोलीत गेले. बाईने वाटीत चमचाभर खिचडी दिली.

मी घास तोंडात टाकला. खिचडीत मीठच नव्हतं. कमी नव्हे, अजिबातच नाही. जास्त पडायला नको, जास्त पडायला नको, या धास्तीत बाई टाकायचंच विसरली होती. मी तिच्याकडे बघितलं, तिने वाटीतली चाखली आणि मट्कन खाली बसली. मिठाची पिशवी फळीवर तशीच बंद होती. कालवू, अजून वेळ आहे, असं मी म्हणतेय तोवर कळलं की मुख्याध्यापकांनी पाहुण्यांसाठी वरवरची खिचडी आधीच काढून नेली आहे. मी धावत बाहेर आले. अध्यक्षांच्या तोंडात घास होता.

त्यांनी सावकाश चावला. गिळला. डोळे मिटले, उघडले. मी जीव मुठीत धरून उभी. आता अळणी म्हणणार, म्हणजे बाईला साधं मीठही टाकता येत नाही, म्हणजे संपलंच.

"खारटच हाये," अध्यक्ष म्हणाले.

शेजारच्या सभासदाने मान हलवली. म्हणाला, बम खारट हाये. तिसऱ्याने तर पाणी मागितलं. एकीने पदराने ओठ पुसले आणि म्हणाली, जीभ चरचरली बाई. नावडतीचं मीठ अळणी, अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्या गावाने ती उलटी करून दाखवली, अळणीच खारट लागलं. मला हसू आलं आणि त्याच वेळी रागाने कानही तापले. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून ओरडा झाला.

झालं असं, की ताटवाली पोरं भुकेने कावली होती आणि मुख्याध्यापकांनी त्यांनाही वाढून टाकलं होतं. पोरं कुणाच्या समितीची नसतात. पहिला घास खाल्ल्याबरोबर अख्खी रांग बोंबलली, मॅडम, मीठ नाही! मावशी मीठ टाकाले विसरली! एकाने तर उभं राहून सांगितलं, सपकच हाये.

पाणी मागणाऱ्याच्या हातात ग्लास तसाच राहिला. सगळे आपापल्या ताटात बघायला लागले, जणू मीठ तिथेच कुठे सांडलं असावं. मी अध्यक्षांसमोर जाऊन उभी राहिले आणि शक्य तितक्या आदराने म्हणाले, आबा, फळीवर मिठाची पिशवी आहे, अजून फोडलेली नाही, आणून दाखवू का? त्यांनी मान हलवली, नको म्हणून.

मुख्याध्यापक सावध माणूस. हळूच विचारू लागले, मग निर्णय काय समजायचा. अध्यक्षांनी ताट खाली ठेवलं. नात डबा उघडून समोरच बसली होती आणि आजोबांकडे टक लावून बघत होती. त्यांनी एकदा तिच्या डब्याकडे बघितलं. मग म्हणाले, मीठ कमी होतं म्हणा. एवढ्यासाठी कोनाले काढता येत नाही. आणि चपला शोधायला उठले.

बाई तोवर मिठाची पिशवी फोडून रांगेतून चिमूट चिमूट ताटात टाकत येत होती. चेहरा अजून पांढराफटक. निर्णय तिला कुणी सांगितलाच नव्हता. अध्यक्षांच्या नातीने डबा बंद केला, ढिगातून एक रिकामं ताट उचललं, खिचडी घेतली आणि सरळ बाईपुढे तळहात पसरला.

बाई थबकली. आपल्याकडे मीठ कुणाच्या हातावर देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. बाईने ताटाकडे बोट दाखवलं. पोरगी काही हात मागे घेईना. बाईने एकदा अध्यक्षांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पोरीच्या तळहातावर मीठ ठेवलं.

एका पायात चप्पल घालून अध्यक्ष तसेच उभे. पोरीने मीठ खिचडीवर झाडलं, उरलेलं तळहातावरून जिभेने चाटलं, आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "आबा, हे पाहा, खारट असं लागते."