मेलेलं झाड पिशवीत घालून नार्व्याला

पेडणे ते नार्वे ही काही कुणाच्या स्वप्नातली सहल नव्हे. पण यंदा माझी टोमॅटोची हिरवीगार झाडं उभ्या उभ्या सुकली आणि माझं डोकं फिरलं. पहिल्या दिवशी मीच म्हणालो होतो, "उन्हाने माना टाकल्यात, संध्याकाळी उठतील." उठलीही. चौथ्या दिवशी मात्र उठली नाहीत. त्यात बांधापलीकडे शांतूकाकांची झाडं मजेत डोलत होती. माझ्याच वाफ्यातली उरलेली रोपं मी त्यांना दिली होती! म्हापशाच्या बाजारात भाजी विकून त्यांचं घर चालतं.

"माझ्या नार्व्याच्या मामांना विचारू," सुलभा, माझी बायको, म्हणाली. एक सुकलेलं झाड मातीसकट पिशवीत घातलं आणि रविवारी सकाळी स्कूटर काढली.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: धारगळ, कोलवाळ, म्हापसा, डिचोली. रस्ता धड असेल तर सव्वा तास. तो धड नसतो. वळसे घेत, ट्रकांची लाल धूळ खात आम्हाला दोन तास लागले. म्हापशाला पाव-भाजी आणि चहा, दोघांचे मिळून शंभराच्या आसपास. पावाबरोबरच्या पातळभाजीत टोमॅटो दिसला आणि माझी भूकच मेली.

नार्व्यात सप्तकोटेश्वराच्या देवळात हात जोडून मामांच्या नदीकाठच्या शेतावर पोचलो.

"जावयबापू, थंयच रावा!" मामा लांबूनच ओरडले. "ती माती घेवन माझ्या शेतात पाय घालू नकात!"

जावयाचं काय हे स्वागत! पिशवी रस्त्यावरच राहिली आणि चपला ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवाव्या लागल्या. मग मामांनी रस्त्यावर येऊन झाडाचं खोड कापून पाण्याच्या ग्लासात धरलं. थोड्या वेळाने त्यातून दुधासारखे पांढरे धागे उतरू लागले.

"मर रोग. जिवाणू मातयेत आसत. आधी काय लावलेलास?"

"फेरपालट केली ना! मिरची, मग वांगी, मग टोमॅटो," मी ऐटीत सांगितलं.

मामांनी कपाळावर हात मारला. "एकाच घराण्यातली मां ती सगळी! एक गेलो, त्याचो भाव इलो. रोगाक जेवण चुकलाच नाय!"

मग उपाय सांगितले. झाडं मुळासकट उपटून जाळायची. जमीन ओली करून कडक उन्हात महिना-दीड महिना पारदर्शक प्लास्टिकखाली तापवायची. माती तपासून लागेल तेवढाच चुना घालायचा. पावसाळ्यात भात, मग मका. टोमॅटोचं दोन-तीन वर्षं नावही काढायचं नाही.

"रोपां खंयची?" मामांनी विचारलं.

"घरचीच. त्याच मातीतली. उरलेली..." मी थांबलो. सुलभा माझ्याकडे बघत होती. परतीच्या वाटेवर धूळ तेवढीच होती, पण कुरकुर करायला मला तोंड नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा शांतूकाका बांधावर उभे होते. त्यांच्या पहिल्या ओळीने माना टाकल्या होत्या.

"ऊन लागला रे," ते हसून म्हणाले. "सांजेक उठतली."

"नाय उठतली, काका," मी रस्त्यावरूनच म्हणालो आणि सगळं सांगितलं.

आता माझ्या जमिनीवर प्लास्टिक पसरलंय. काकांच्या ओळी आम्ही तिघांनी मिळून उपटल्या. ते माझ्याशी बोलतात, पण माझ्या घरचं काही घेत नाहीत. काल सुलभाने पाठवलेली पपईसुद्धा परत आली.