तीस सप्टेंबर, संध्याकाळी सातनंतर

वाल्डिना सिगुर्डसनचा माणसांवर विश्वास नव्हता. दुकानातून आणलेलं लोणीसुद्धा ती घरी पुन्हा तोलून बघायची. कॅनडात विनिपेग सरोवराकाठी, गिमलीच्या धक्क्यावर आमच्या मच्छीमार सोसायटीतला नोंदींचा प्रोग्राम तिनेच लिहिलेला. मी काट्यावर असायचो. टोपली काट्यावर ठेवली की वजन आणि वेळ आपोआप तिच्या कॉम्प्युटरात जायची.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती एक यादी घेऊन माझ्याकडे आली.

"हे बघ. तीस सप्टेंबरला हंगाम बंद झाला. आणि स्काप्तीची मासळी एक तारखेची! सलग तीन वर्षं."

"त्याची होडी रखडत येते, वाल्डिना. पण चोर नाही गं तो."

"तू बरी वकिली करतोस त्याची! तुझ्या घरी किती मासे पोचतात?"

त्या दिवसापासून ती माझ्या पावत्यांवरूनही बोट फिरवायला लागली.

मग ती मला घेऊन स्काप्तीच्या घरी गेली. तीस वर्षांपासूनचा तिचा शेजारी. त्याच्या बायकोने, गुडनीने कॉफी ओतली. वाल्डिनाने कपाला हात लावला नाही.

"एक तारखेला तू जाळं टाकलंस?"

"गेल्या वर्षी एक तारखेला मी विनिपेग शहरात इस्पितळात होतो. हिच्या खुब्याचं ऑपरेशन होतं."

"तिन्ही वर्षं ऑपरेशनच होतं का?"

स्काप्ती उठला आणि त्याने दार उघडून धरलं. तिने घरी येऊन यादी मत्स्य खात्याला पाठवली. चौकशीपुरता त्याचा परवाना थांबला.

पण तिचं समाधान होईना. एकट्याचं हे काम नाही, साथीदार असणारच, म्हणून तिने सगळ्यांच्या नोंदी वेळेप्रमाणे लावल्या. संध्याकाळी सातपर्यंतच्या तारखा बरोबर होत्या. सातनंतरची प्रत्येक टोपली मात्र दुसऱ्या दिवसावर गेलेली. तिच्या सख्ख्या भावाचीसुद्धा.

त्याच संध्याकाळी तिने मला रंगाचा डबा काट्यावर ठेवायला लावला. एकदा सातला पाच मिनिटं कमी असताना, एकदा सात वाजून पाच मिनिटांनी. दहा मिनिटांत डब्याची तारीख बदलली.

ती खुर्चीत बसली. "प्रोग्राम वेळ ग्रिनिचची साठवतोय," ती म्हणाली, "आपले सात म्हणजे तिथली मध्यरात्र. आणि मी तारीख तिथलीच कापून घेतली."

"मग पाच तास वजा कर की."

"आणि हिवाळ्यात इथली घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा पाचाचे सहा होतात ते? नाही. आधी विनिपेगची वेळ काढायची, मग तारीख."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः विनिपेगला गेली आणि परवाना सोडवून आणला. सोसायटीच्या सभेत उभी राहून म्हणाली, "चूक माझी होती. स्काप्तीची नाही." कोणी टाळी वाजवली नाही.

पुढच्या हंगामात स्काप्ती पहिली टोपली घेऊन आला. वजन झाल्यावर मला म्हणाला, "कॉम्प्युटरचं असू दे. तू मला कागदावर हाताने तारीख लिहून दे, खाली सही कर."

वाल्डिना मागेच उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं.

"दे लिहून," ती म्हणाली.