वहिनीची हसरी पोस्टरं

वर्षा वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळा सुटल्यावर थेट हॉस्पिटलकडेच निघाले होते. उधन्याच्या पुलाखाली ट्रॅफिक तुंबलं होतं आणि माझ्या पुढच्या रिक्षाच्या पाठीवर वहिनीनेच केलेलं पोस्टर होतं. हळदी रंगावर एक स्कूटर, तिच्यावर दोघं. तो रस्ता सोडून मागे वळून तिच्याकडे बघतोय आणि ती त्याला 'समोर बघ' म्हणून हात दाखवतेय. नव्या गुजराती पिक्चरच्या अशा रिक्षा तेव्हा सगळ्या सुरतेत फिरत होत्या. फोनवर आई होती. "मनू... गई माय ती," एवढंच म्हणाली. सिग्नल सुटला, ती रिक्षा वळून निघून गेली. मला मात्र रिक्षावाल्याला कुठे जायचं ते सांगता येईना.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. अमळनेरकडची. लग्न होऊन सुरतेत लिंबायतला आली आणि इथेच कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं करायला शिकली. दादा पांडेसऱ्याला साड्या रंगवण्याच्या मिलमध्ये होता. तिथे वाफेची पाइपलाइन फुटली आणि दादा गेला. दिवसकार्य झाल्यावर तिचे वडील तिला न्यायला आले. ती सासूजवळ बसून राहिली आणि म्हणाली, "बाबा, मी गेले तर आई स्वयंपाकच करणार नाहीत." तेवढ्या एका कारणावर ती राहिली... आम्हाला निदान तेवढंच सांगितलं.

पोस्टरांकडे ती योगायोगानेच वळली. तिच्या साडीच्या शेठचे मेहुणे सिनेमा काढत होते. लग्नघरातला गोंधळ, भांडणं, शेवटी गोड, असा हलकाफुलका. त्यांना हिरो गॉगल लावून उभा हवा होता आणि हिरॉइन त्याच्या छातीवर रेललेली. वहिनीने तसं करून दिलं, आणि मनाने दुसरंही एक केलं. त्यात हिरॉइन कंबरेवर हात ठेवून चिडलेली आणि तो हातातला चहाचा कप सांभाळत घाबरून तिचं ऐकतोय. दोन्ही तिने आमच्या ओट्यावरच्या भिंतीला लावली. गल्लीतल्या बायका घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम करत. त्या पाय मोकळे करायला उठल्या आणि बघत राहिल्या. गॉगलवाल्याकडे कुणी फारसं थांबलं नाही. चहावाल्याकडे बोट दाखवून आई म्हणाली, "हाऊ पोऱ्या बायकोनं ऐकी, असं वाटस." सगळ्या जणी खळखळून हसल्या. शेठच्या मेहुण्यांनी कुरकुरत का होईना, तेच पोस्टर लावलं.

मी एकदा तिला विचारलं, "असले सिनेमे तर कॉलेजच्या पोरापोरींसाठी असतात ना गं?" ती म्हणाली, "ती काय, पोस्टर नसलं तरी जातील. माझं पोस्टर त्या बाईसाठी असतं, जिने रविवारी 'चला' म्हटलं की सगळं घर निघतं. आठवडाभर ती दमलेली असते. तिला लांबूनच खात्री पटली पाहिजे, की इथे कुणी मरणार नाही." हे बोलताना तिचा हात माऊसवर चालूच होता. हिरॉइनच्या गालावरची सावली ती पुसत होती... सावली राहिली की चेहरा दुःखी दिसतो, म्हणाली.

लोक बोलायचेच. नवरा गेलेली बाई दिवसभर जोडपी हसवत बसते, हे कुणाकुणाला खटकायचं. शेजारणीने आग्रहाने नेलेल्या हळदीकुंकवाला एकीने तोंडावर म्हटलं, तेव्हा वहिनी वाणाची पिशवी तिथेच ठेवून घरी आली. नंतर ती असल्या कार्यक्रमांना गेली नाही. कामं मात्र येत राहिली.

बमरोलीचा केतनभाई फ्लेक्स छापायचा. छपाईचे नमुने घेऊन घरी यायचा, रंगांवरून वहिनीशी वाद घालायचा, आईच्या हातची खिचडी खाऊन जायचा. दोघांच्या आधी ते आईच्याच लक्षात आलं. एका दुपारी तिने वहिनीला समोर बसवलं. "जाय माय, तुना संसार मांड. मनी काळजी करू नको." वहिनी खूप रडली, आणि हो म्हणाली. केतनभाईच्या घरी साखरपुड्याचे गोळधाणे खाल्ले, तेव्हा वधूमाईसारखी आई पुढे बसली होती.

छातीतली गाठ हाताला लागली ती त्यानंतर. ऑपरेशनपर्यंत केतनभाई रोज यायचा. केस गळायला लागले तसा दोन-चार दिवसांनी, मग नुसता फोन. शेवटी त्याचे मोठे भाऊ आले. चहाला हात न लावता म्हणाले, "केतनकी हिंमत नहीं होती, बेन." वहिनी म्हणाली, "उनको बोलना, मेरी फिकर न करे." ते गेल्यावर तिने कपबशी विसळली आणि कॉम्प्युटर सुरू केला. स्कूटरवरच्या त्या दोघांचं काम तेव्हा अर्धवट होतं. माझा संताप संताप झाला. "कसं करवतं गं तुला हे?" ती म्हणाली, "पोस्टरवरचा कुठे जात नाही, मनू... लोक त्याच्यासाठीच तिकीट काढतात."

स्मशानात केतनभाई आला होता. फाटकापाशीच उभा राहिला. परतताना आई त्याच्याजवळ थांबली. मला वाटलं, आता बोलेल त्याला. "जेवीसन जाय," एवढंच ती म्हणाली. तो घरापर्यंत आला, पान वाढलं, पण घास काही उचलला नाही.

तो स्कूटरवाला पिक्चर नंतर लागला. गल्लीतल्या बायका आईला आग्रह करून घेऊन गेल्या, मीही गेले. सगळं थिएटर हसत होतं. त्यात खरंच कुणी मेलं नाही. मध्येच आईलाही हसू फुटलं आणि तिने पदर तोंडात धरला. बाहेर पडेपर्यंत तो तिने सोडला नाही.

वहिनीची खोली अजून तशीच आहे. कॉम्प्युटर साडीच्या शेठचा होता, तो ते घेऊन गेले. भिंतीवर बसल्या उंचीला चिकटवलेला एक लहानसा आरसा तेवढा उरलाय. पोस्टरवरच्या मुलीचा चेहरा करताना वहिनी आधी स्वतः त्यात बघून रुसायची, लाजायची, हसायची. उभं राहिलं तर त्यात नुसतं पोट दिसतं. चेहरा बघायचा, तर तिच्या खुर्चीतच बसावं लागतं. घरात दुसरा मोठा आरसा आहे. तरी आई रोज दुपारी फणी घेऊन त्या खुर्चीत जाऊन बसते. परवा मी दारातून पाहिलं... फणी मांडीवर तशीच होती आणि आई आरशात बघून हसायचा प्रयत्न करत होती.