शिळं पाणी

मी मस्कतला निघाले त्या सकाळी आमच्या मळमड्डीच्या गल्लीत आठवड्यानं नळाला पाणी आलं होतं. धारवाडकरांना यापुढं काही सांगायला नको. पाणी येतं त्या दिवशी घरात दुसरं काही होत नाही, पाहुणेसुद्धा परत पाठवतात. दारात टॅक्सी उभी, ड्रायव्हरला हुबळीच्या विमानतळाची घाई, आणि अप्पा मागच्या हौदापाशी पाइप धरून उभे. आधी मागच्या पाळीचं शिळं पाणी ओतून द्यायचं, भांडी घासायची, मग ताजं भरायचं, हा आमच्या घरचा नियम. आई होती तोवर ती हे करायची, ती गेल्यावर अप्पा. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "पाणी चाललंय की गं. तू हो पुढं." केसांतून ओघळलेलं ते पाणी मी हुबळीपर्यंत पुसलं नाही.

अप्पा जन्मभर शाळेत विज्ञान शिकवत होते. मीही तेच करत होते, पण मराठी माध्यमाच्या वर्गांना मुलं मिळेनाशी झाली. आधी एक तुकडी बंद झाली, मग दुसरी, मग आम्ही शिक्षक. मस्कतच्या शाळेनं मला घेतलं तेव्हा घरात आनंद व्हायला हवा होता. झाला वाद, तोही शाळेच्या नावावरून. नावात 'इस्लामिक' होतं आणि 'इंटरनॅशनल'ही होतं. "धारवाडात काय शाळांचा दुष्काळ पडलाय?" अप्पा म्हणाले. पडलाच होता, पण तो फक्त माझ्यासारख्यांना दिसत होता. पुढं गल्लीत कुणी चौकशी केली की ते सांगायचे, "इंटरनॅशनल स्कूलमध्ये असते." आधीचा शब्द कडू गोळीसारखा गिळून टाकायचे. फोन चालू असताना मला ते ऐकू यायचं. मला त्याचं वाईट वाटायचं, अजूनही वाटतं.

तिथं दिवसाची सुरुवात कुराणाच्या तासानं व्हायची, आणि त्यानंतर परदेशी बोर्डाचा अभ्यासक्रम, प्रोजेक्ट, प्रेझेंटेशन सगळं. मुख्याध्यापिका बाईंचा एक हट्ट होता. पर्यावरण म्हणून वेगळा तास ठेवायचा नाही, धर्मशिक्षणाच्या आणि विज्ञानाच्या शिक्षिकेनं मिळून एकेक धडा शिकवायचा. माझ्या वाट्याला आली खैरुन्निसा, माझ्याहून बरीच लहान आणि चक्क जुन्या हुबळीची. स्टाफरूममध्ये तिनं माझ्या बोलण्याचा हेल ओळखला आणि कन्नडमध्ये विचारलं, "नीव धारवाडदवरेन्री?" तुम्ही धारवाडच्या का, एवढंच. वाळवंटात ते ऐकून मला रडू आलं. तेव्हापासून मी तिची अक्का.

आमचा पहिला धडा पाण्याचा. नमाजाआधी मुलं हातपाय, तोंड धुतात, त्याला वुजू म्हणतात. खैरुन मुलांना सांगायची की वाहत्या नदीकाठी बसला असाल तरी वुजू करताना पाणी उधळू नये, ही आपली शिकवण आहे. मग मी मापाचा जार पुढं करायची. नळ सोडून वुजू केला तर पाणी किती जातं, तांब्यानं केला तर किती, मुलं मोजायची आणि आलेख काढायची. वुजूचं पाणी गटारात जायचं ते आम्ही वळवलं, वाळू, खडी, कोळशाच्या थरांतून गाळून लिंबाच्या झाडांना दिलं. एकदा मी सांगितलं की आमच्याकडं पाणी शिळं होतं आणि लोक ते ओतून देतात. सगळा वर्ग हसायला लागला. त्यांना वाटलं, बाई थट्टा करताहेत.

गाळणीचा तो प्रयोग खरा अप्पांचा. फुटक्या माठात थर लावून त्यांनी तो धारवाडच्या किती मुलांना शिकवला असेल, मीही त्यातलीच. फोनवर हे त्यांना सांगितलं. मग प्रश्न आला, "कोळसा धुऊन घेतला होतास?" हो म्हटलं. "मग बरोबर आहे," म्हणाले आणि फोन ठेवला. तेवढ्यावर मी कितीतरी दिवस हवेत होते. मला वाटलं, आता शाळेचं नावही पूर्ण घेतील. पण पुढच्या फोनला पुन्हा आपलं इंटरनॅशनल स्कूल.

मग एका सुट्टीत खैरुन हुबळीला माहेरी निघाली. मी तिच्याबरोबर अप्पांसाठी खजूर आणि गुडघ्याला लावायचं तेल दिलं. ती हुबळीहून बसनं खास मळमड्डीला जाऊन आली. परत आल्यावर म्हणाली, "अप्पा छान आहेत. कट्ट्यावर बसून गप्पा मारल्या. कोळशाचं विचारत होते." मी विचारलं, "गूळ-पाणी दिलं ना?" आमच्याकडं दारात आलेल्याला आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी, मग बाकीचं बोलणं. ती वह्या उचलत म्हणाली, "घरात पाणी शिळं आहे म्हणाले. पाणी आल्यावर पुन्हा ये म्हणाले." आणि हसून वर्गावर गेली.

त्या वाक्यानं माझी झोप उडवली. आमच्या घरी पोस्टमनला, दूधवाल्याला, शेजारणीला कुठल्याही दिवसाचं पाणी चालायचं. पण कुणी मानाचा माणूस पहिल्यांदा घरी आला तर आई शिळं पाणी पुढं करायची नाही, शेजारच्या विहिरीचं ताजं मागून आणायची. मग अप्पांनी खैरुनला मानाची पाहुणी मानलं, की तिच्या हाती आमचा तांब्या द्यायचा नव्हता म्हणून शिळ्या पाण्याचं निमित्त केलं? दोन्ही तितकंच शक्य होतं. माझ्या वडिलांना मी इतकी वर्षं ओळखते आणि हे मला सांगता येत नव्हतं, याचीच भीती वाटली. असलं फोनवर विचारता येत नाही. मेमध्ये गेले की समोर बसून विचारायचं, असं ठरवलं.

मे आलाच नाही. डिसेंबरात पाण्याच्या पाळीला त्यांनी घरातलं झाडून सगळं भरून ठेवलं, दमून खुर्चीत बसले आणि तिथंच गेले. मी पोचले तेव्हा चुलतभाऊ सगळी तयारी करून थांबला होता.

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. येत, बसत, डोळे पुसत आणि उठत. सुतकाच्या घरात कुणी पाणी घेत नाही. स्वयंपाकघरात अप्पांनी भरलेली घागर तशीच काठोकाठ. संध्याकाळी फाटकापाशी खैरुन दिसली. डिसेंबरच्या सुट्टीत माहेरी आली होती. ती कट्ट्यावरच बसायला लागली तेव्हा मी म्हटलं, "ओळग बर्री." आत या. ती आली, अप्पांच्या फोटोसमोर जमिनीवर बसली, आणि काही वेळानं तिच्या त्या हुबळीच्या कन्नडमध्ये म्हणाली, "अक्का, प्यायला पाणी देता?"

"शिळं आहे गं," मी म्हटलं. "अप्पांनी भरलेलं आहे."

"त्यांनी भरलेलं आहे ना? मग द्या."

चुलतभाऊ काहीतरी बोलणार होता, तोवर मी घागरीपाशी गेले होते. मी तांब्या दिला. तिनं तोंडातल्या तोंडात अल्लाचं नाव घेतलं आणि बसल्या बसल्या, थांबत थांबत सगळं पाणी प्यायली. त्या क्षणी मला अप्पांचा भयंकर राग आला आणि तेवढीच त्यांची आठवण आली. आत जाऊन मी पोटभर रडले.

तेराव्यानंतर घर बंद केलं. उरलेलं पाणी ओतून दिलं नाही, बादल्यांनी नेऊन मागच्या चाफ्याला घातलं. मस्कतला परत आले त्याला आता बरेच महिने झाले. कुणी विचारलं तर शाळेचं नाव मी सगळंच्या सगळं सांगते, धारवाडच्या नातेवाइकांनाही. लिंबं धरलीत, मुलं ती डब्यातल्या डाळीवर पिळून खातात. माझ्यासारखे जे धारवाडबाहेर पडले ते विचारतात, घराचं काय करणार? विकणार का? मला ठाऊक नाही. पाळीच्या दिवशी शेजारच्या काकूंचा फोन येतो. "पाणी आलंय गं," म्हणतात, जणू मी हंडा घेऊन मागच्या दारी उभीच आहे. मी विचारते, "आमच्या नळाचा कॉक बंद आहे ना, काकू?"

"बंद आहे," त्या म्हणतात, आणि आपलं पाणी भरायला पळतात.